पुराण आणि पुस्तक : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील शास्त्रप्रामाण्याचा एक प्रश्न

न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यासमोर घारापुरीचे बेट आहे. सोळाव्या शतकात तेथील लेण्यातून पोर्तुगीजांनी एक शिलालेख काढून नेला. तो वाचू शकेल असा कोणी न मिळाल्यामुळे तो पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला, असे दियोगु दु कोउतु हा इतिहासकार सांगतो. पुढे त्या लेखाचा मागमूस लागला नाही. उरण-करंजाचा हा सारा टापू त्या काळी पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’त मोडत असे. कोरलेले अक्षर पवित्र मानले गेले, पण त्याचा अर्थ सांगणारा उरला नाही, ही त्या शिलालेखाची गत. प्रस्तुत लेखात ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, तोही याच जातीचा आहे. धर्मग्रंथ वाचावयाचा की ऐकावयाचा? आणि त्याच्या अर्थाचा निर्णय कोणी करावयाचा?

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाविषयी आपल्याकडे एक मत रूढ झाले आहे. फादर थॉमस स्टीफन्स याने ख्रिस्ती धर्माला मराठी वेष दिला, ना. वा. टिळकांनी त्याला मराठी हृदय दिले, आणि पंडिता रमाबाईंनी आपल्या बायबलच्या भाषांतरात हे सर्व कमावलेले धन गमावले, असे ते थोडक्यात मत. वाङ्मयीन दृष्टीने त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु श्रद्धा आणि शास्त्र यांच्या संबंधाच्या दृष्टीने पाहता हे मत उलटे करून तपासावे लागते, असे मला वाटते.

स्टीफन्स हा इंग्रज जेज्वित. तो १५७९ मध्ये गोव्यास आला आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ जुन्या व नव्या कराराची कथा सांगतो, पण तो बायबलचे भाषांतर नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६४ च्या निषिद्ध ग्रंथांच्या नियमांनी लोकभाषेतील बायबलच्या वाचनावर निर्बंध घातले होते. जे भाषांतर म्हणून अवघड होते, ते पुराण म्हणून शक्य झाले. पुराणाला वक्ता असतो, श्रोते असतात, शंका असतात आणि निरसन असते. अर्थ सांगण्याचा अधिकार वक्त्याकडे राहतो. ग्रंथाच्या प्रास्ताविक कथेत एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली, हे ध्यानात ठेवून हा प्रश्न वाचावा. त्यात जिज्ञासा आहे तशीच पोकळीही आहे. स्टीफन्सच्या काव्याची गोडी मान्य करणाऱ्याने ही पोकळी कोणी निर्माण केली, हेही विसरू नये.

स्टीफन्सच्या शब्दयोजनेकडे पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट दिसून येते. स्वर्गाला तो ‘वैकुंठ’ म्हणतो, तारणाला ‘मोक्ष’ म्हणतो, देवाला ‘परमेश्वर’ म्हणण्यात त्याला अडचण वाटत नाही. मात्र छापील पाठात ‘बाप्तिस्मु’, ‘क्रूस’, ‘स्पिरितु सांतु’ हे शब्द परकेच राहतात. म्हणजे जेथे जावयाचे त्या स्थळाला मराठी नाव चालते, पण जाण्याच्या साधनाला चालत नाही. संस्कार आणि त्रैक्य ही चर्चच्या हातातील सूत्रे, त्यांवर मराठी शब्दांचा जुना गंध चढू द्यावयाचा नाही, अशी ही दक्षता दिसते. लंडन येथील देवनागरी मार्सडेन पोथीत यांपैकी पुष्कळ शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत आणि मूळ पाठ कोणता याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पोथीचा पाठ मूळचा ठरला तर वरील अनुमान स्टीफन्सविषयी खरे न राहता छापणाऱ्यांविषयी खरे ठरेल. प्रश्न मात्र तोच राहील.

प्रॉटेस्टंट मिशनांबरोबर पुराणाच्या जागी पुस्तक आले. सेरामपूरचा मराठी नवा करार १८११ चा, अमेरिकन मिशनचा १८२६ चा, आणि संपूर्ण बायबल १८४७ चे. प्रत्येकाने स्वतः वाचावे, हे यामागील तत्त्व. पण या तत्त्वाची खरी कसोटी एका पुराणिकाच्या मुलीने लावली.

रमाबाई (१८५८–१९२२) या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडत असे. आपल्या १९०७ च्या ‘साक्षी’त त्यांनी हे जीवन वर्णिले आहे. संस्कृत मूळ मोठ्याने वाचावयाचे, त्याचा अर्थ सांगण्याची गरज नाही, ऐकणाऱ्यास श्रवणानेच पुण्य, असा तो व्यवहार होता. ज्यांनी पुराण आतून पाहिले, ज्यांच्या आईवडिलांना दुष्काळात त्या पुण्याने भाकरी दिली नाही, त्यांनी ख्रिस्ताचे पुराण लिहावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. त्यानंतरचा सिस्टर जेरल्डीन व डोरोथी बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी १९७७ मध्ये संपादित केला. मराठी माणसाने लिहिलेल्या धर्मचिंतनात इतका निर्भय मजकूर क्वचित सापडेल. त्रैक्य आणि कुमारीजन्म या सिद्धांतांविषयी त्यांना शंका होत्या. चर्च सांगते म्हणून मानावे, हे त्यांना मान्य नव्हते. आताच कोठे एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरविले आहे, तेव्हा दुसरे घेण्याची आपली तयारी नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. सिस्टर जेरल्डीन यांना हा अहंकार वाटला. शिष्येच्या आत्म्याची काळजी वाहणाऱ्या बाईंना तसे वाटावे, यात नवल नाही. पण चर्चचा अर्थ न मानता शास्त्र मानावयाचे, तर शास्त्र स्वतःला वाचता आले पाहिजे, एवढा निष्कर्ष रमाबाईंनी त्यातून काढला आणि पुढे तो कष्टाने पाळला.

याच पत्रव्यवहारात क्रूसाचा वाद आहे. भगिनींच्या क्रूसावरील लॅटिन अक्षरे रमाबाईंना नको होती. तेथे संस्कृत असावे असा त्यांचा आग्रह होता. लॅटिनमध्ये संस्कृतहून अधिक पावित्र्य ते कोणते, असा त्यांचा सवाल होता. आणि याच बाईंनी उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले, तेव्हा संस्कृतप्रचुर आणि विशेषतः वेदान्ताची छटा असलेले शब्द कटाक्षाने टाळले. यात विसंगती आहे, असे म्हटले जाते. मला तसे वाटत नाही. लॅटिनपुढे संस्कृत ही स्वतःची भाषा होती. केडगावच्या मुक्तिसदनातील अल्पशिक्षित बायकांपुढे संस्कृत हेच लॅटिन होते. दोन्ही वेळी विरोध एकाच गोष्टीला आहे, तो म्हणजे अर्थावर कुलूप घालणाऱ्या भाषेला.

आता दोष. हे भाषांतर मूळ वाक्यरचनेला इतके चिकटून राहते की मराठी कान अडखळतो. ज्या बायकांसाठी ते केले, त्यांनाही ते सोपे वाटले असेल असे म्हणवत नाही. शिवाय एक गंभीर अडचण आहे. चर्चचा अधिकार नाकारणाऱ्या रमाबाईंनी पुढे अक्षरालाच तो अधिकार दिला. शब्दातून वेदान्त काढून टाकला म्हणजे शुद्ध वचन उरते, अशी त्यांची समजूत होती. परंतु पूर्वेतिहास नसलेला शब्द कोणत्याही भाषेत नसतो. ‘देव’ म्हटले तरी ऐकणाऱ्याच्या मनात गावचा देव उभा राहतोच. येथे टिळक अधिक शहाणे. तुकारामाच्या मार्गानेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणाऱ्या या कवीने शब्दांचा भूतकाळ ओझे न मानता वाट मानला. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. पण भजन म्हणणे वेगळे आणि वचनाचा अर्थ लावणे वेगळे. टिळकांची वाट भक्ताला पुरते. शंका विचारणाऱ्याला ती पुरतेच असे नाही, आणि रमाबाई जन्मभर शंका विचारणाऱ्या होत्या.

रमाबाईंचे बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले. श्रवणाने पुण्य मिळविणाऱ्या परंपरेतील एका बाईने ज्यांना अक्षरही शिकविले जात नव्हते त्यांच्याकडून शास्त्र छापवून घेतले. हे वाङ्मयाच्या इतिहासात कोठे बसवावयाचे, ते भाषेच्या लालित्यावरून ठरविता येणार नाही.

कॅथलिक परंपरेनेही पुढे आपली दिशा बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शास्त्रवाचन सर्व श्रद्धावंतांस मोकळे असावे असे सांगितले, आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये निघाले. तेव्हा जुन्या उत्तर प्रांतातील कॅथलिक कुटुंबांतही पुराण ऐकणाऱ्याच्या हाती पुस्तक आले. दिब्रिटो यांनी सुबोधतेसाठी जागोजाग टिपा व प्रस्तावना जोडल्या आहेत. वक्ता पूर्णपणे निघून गेलेला नाही. तो पानाच्या तळाशी जाऊन बसला आहे.