तक्त्यातला टक्का नेमका कशाचा? इंटिग्रॅलिटीबद्दल थोडं परखड

नॉलेज ग्राफवर, म्हणजे ज्ञान-आलेखावर, पीएचडी करायची असं ठरवून पेटची तयारी करत असाल, तर सिनॉप्सिससाठी तुम्हाला आकडे लागणारच. विकिडेटात मराठी लेखक किती, त्यांतल्या कितींचं जन्मस्थळ नोंदलंय, वगैरे. हे आकडे तयार तक्त्यात देणारं इंटिग्रॅलिटी नावाचं एक साधन आहे. मला ते आवडतं. पण त्यातला तक्ता उचलून थेट प्रबंधात चिकटवू नका, का ते सांगते.

विकिडेटा २०१२ पासून सुरू आहे. त्यात प्रत्येक गुणधर्माला एक पी-क्रमांक असतो: जन्मस्थळ पी१९, नागरिकत्व पी२७, व्यवसाय पी१०६. इंटिग्रॅलिटीला तुम्ही तीन गोष्टी सांगायच्या. कोणाला मोजायचं, त्यांचे गट कशावरून पाडायचे आणि कोणते गुणधर्म तपासायचे. मग बॉट विकिडेटाच्याच एका पानावर रंगीत तक्ता मांडतो. प्रत्येक खान्यात संख्या आणि टक्केवारी. खरी मजा पुढे आहे. खान्यावरून तुम्हाला क्वेरी मिळते, ज्यांच्याकडे माहिती आहे त्यांची आणि ज्यांच्याकडे नाही त्यांचीही. ही ‘नाही’ची यादी म्हणजे संशोधकाला सोनंच. नुसता गोल आलेख काढून दाखवणाऱ्या डॅशबोर्डपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक काम आहे.

आता अडचण बघा. समजा तुम्हाला ‘नागपूरचे मराठी साहित्यिक’ बघायचे आहेत आणि तुम्ही गट पाडले जन्मस्थळावरून. कवी ग्रेस नागपूरच्या रांगेत येतील, त्यांचा जन्म १९३७ साली इथलाच. सुरेश भट? ते जन्मले अमरावतीला, १९३२ साली. गेले २००३ साली नागपुरात, रेशीमबागेतलं सभागृह त्यांच्या नावानं आहे, पण तक्त्यात ते अमरावतीचे. महेश एलकुंचवारांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. म्हणजे नागपूरच्या साहित्याबद्दल बोलताना ज्यांची नावं पहिल्यांदा तोंडात येतात, त्यांतले दोघं रांगेबाहेर! साधनाचं इथं काही चुकलं नाही. त्याला ‘जन्म कुठे’ विचारलं, त्यानं तेवढंच सांगितलं. ‘कुठले’ हा प्रश्न वेगळा होता. पण तक्ता इतका नीटनेटका दिसतो, की वाचणाऱ्याला हा फरक जाणवतच नाही.

त्याहून मोठी भानगड पारव्याची आहे. इंटिग्रॅलिटीत गटासाठी किमान संख्या ठरलेली असते. त्यापेक्षा लहान गटाला स्वतंत्र रांग मिळत नाही. तक्ता लांबलचक होऊ नये म्हणून ही सोय आहे, समजण्यासारखं आहे. पण परिणाम काय? जन्मस्थळ जितकं बारकाईनं नोंदलेलं, तितका गट लहान, आणि तितकी रांग गायब होण्याची शक्यता जास्त. कोणी नुसतं ‘नागपूर’ लिहून मोकळा झाला तर ती नोंद दिसते. कोणी मेहनत करून ‘कामठी’ लिहिलं तर ती बुडू शकते. विदर्भासारख्या, खेड्यापाड्यांतून लेखक आलेल्या प्रदेशासाठी हे फार महागात पडतं. माझ्या मते ही किमान संख्या तक्त्याच्या डोक्यावर ठळक लिहिलेली असायला हवी.

नागरिकत्वावरून गट पाडलेत तर उलटा गोंधळ. स्वातंत्र्याआधी जन्मलेल्या अनेकांना विकिडेटात ब्रिटिश भारत आणि भारत अशी दोन्ही मूल्यं असतात. असा माणूस दोन्ही रांगांत मोजला जातो. सगळ्या रांगांची बेरीज एकूण संख्येपेक्षा जास्त आली, तर कॅल्क्युलेटरला दोष देऊ नका.

आणि एक मुद्दा, जो व्हायव्हात हमखास विचारला जाईल: रिकामा खाना म्हणजे काय? डेटाबेसच्या पुस्तकात तुम्ही ‘बंद जग’ गृहीत धरायला शिकलात. नोंद नाही, म्हणजे तसं नाही. ज्ञान-आलेख ‘खुल्या जगा’चा. नोंद नाही, म्हणजे आपल्याला ठाऊक नाही, बस. त्यामुळे ‘चाळीस टक्के लेखकांना पुरस्कार मिळाला’ असं वाक्य या तक्त्यावरून लिहिताच येत नाही. ‘चाळीस टक्के नोंदींत पुरस्काराचा उल्लेख आहे’ एवढंच लिहिता येतं. तेही, ज्यांची नोंदच झालेली नाही ते लेखक छेदात कुठेच नाहीत, हे ध्यानात ठेवून. शंभर टक्के हिरवा खानासुद्धा इतकंच सांगतो की काहीतरी भरलंय. ते बरोबर आहे का, ते सांगत नाही.

म्हणून तक्ता वापरायचाच असेल तर खालच्या ओळीत निवडीची क्वेरी, गट पाडायचा गुणधर्म आणि किमान संख्या, तिन्ही लिहा. तारीखही द्या. तक्ता विकिपानावर असल्यामुळे त्याचा इतिहास जपलेला असतो, तेव्हा नुसत्या पानाचा नाही, त्या दिवशीच्या आवृत्तीचा कायमचा दुवा घ्या. पुढच्या वेळी बॉट फिरला की आकडे बदललेले असतील, आणि तोवर तुमचा सिनॉप्सिस समितीपुढे पोचलेला असेल.