दुखण्याची रेघ

आषाढीला आमच्या घरी दिंडी उतरते. रात्री भजन आटोपलं की ओसरीत तेलाचा वास पसरतो आणि जो तो आपल्या नाहीतर शेजाऱ्याच्या पोटऱ्या, गुडघे चोळत बसतो. आळंदीहून अडीचशे किलोमीटर चालून आलेले पाय असतात ते, आणि दर्शनबारीत उभं राहणं अजून बाकी असतं. एका वर्षी परभणीकडच्या आजी सुंठीचा लेप लावता लावता मला म्हणाल्या, "माउली, तुम्ही शिकलेले. गुळवेलीनं गुडघा खरंच उतरतो का हो?" मी म्हणालो, "उतरत असेल." ते उत्तर मला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं. त्यापायीच मी एका शोधनिबंधापाशी पोचलो. वर्गात आयुष्यभर अभंग शिकवले, त्यामुळे तोही तसाच वाचला, ओळीओळीला थांबत.

पुण्याच्या सेंटर फॉर रूमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांचा हा निबंध २०१३ साली 'रूमॅटॉलॉजी' या इंग्रजी नियतकालिकात आला. गुडघ्याच्या संधिवाताचे ४४० रुग्ण, चार गट, २४ आठवडे. दोन गटांना गुळवेल, सुंठ, आवळा, साळई अशा वनस्पतींच्या अर्कांची दोन वेगवेगळी आयुर्वेदिक औषधं, तिसऱ्याला ग्लुकोसामीन, चौथ्याला सेलेकॉक्सिब ही नेहमीची वेदनाशामक गोळी. कोणाला काय मिळणार ते चिठ्ठी टाकावी तसं ठरलं, आणि कोण काय घेतंय हे रुग्णालाही कळू दिलं नाही, तपासणाऱ्यालाही नाही.

मला पहिल्यांदा जे आवडलं ते यातलं मोजमाप. दुखणं मोजायला एक रेघ असते, दहा सेंटिमीटरची. एका टोकाला काहीच दुखत नाही, दुसऱ्या टोकाला सोसवत नाही इतकं. रुग्णाने आपल्या हाताने त्या रेघेवर खूण करायची. इथे जे दुखणं विचारलं ते निजल्या-बसल्याचं नव्हे, अंगाचा भार पायावर घेतल्यावरचं. वारकऱ्याला दुसरं कुठलं दुखणं ठाऊक असतं? रेघेच्या जोडीला एक प्रश्नावली आहे. ती मूळची कॅनडातली. तिच्यात मोजे चढवणं आणि बाथटबमध्ये उतरणं यांची विचारपूस आहे. पुणेकरांनी ती इथल्या राहणीला धरून बदलून घेतली. ज्या घरात मांडी घालून जेवायचं आणि उकिडवं बसायचं, तिथे बाथटबचा प्रश्न विचारून गुडघ्याचं खरं उत्तर कसं मिळणार? हा बदल निबंधात एका विशेषणापुरता येतो, 'सुधारित'. अभंगातही एखाद्या शब्दाला असं वजन असतं.

मग येते ती जागा जिथे मी सर्वांत जास्त रेंगाळलो. आयुर्वेदिक औषध सेलेकॉक्सिबपेक्षा सरस आहे असं सिद्ध करायला हे लोक निघालेच नव्हते. त्यांना तपासायची होती बरोबरी. पण बरोबरी कशाला म्हणायचं? तर औषध सुरू करण्याआधीच त्यांनी कागदावर मर्यादा आखली: दुखण्याच्या रेघेवर दोन गटांत दीड सेंटिमीटरहून जास्त फरक पडता कामा नये, प्रश्नावलीत दुखण्याला अडीच गुण आणि हालचालीच्या अडचणीला साडेआठ गुण. निकाल हाती आल्यावर मर्यादा सरकवायची सोयच ठेवली नाही. चारही गट त्या मर्यादेत राहिले.

इथे वाचकाने सावध व्हायला हवं. २८ टक्के रुग्ण मध्येच अभ्यासातून बाहेर पडले. बरोबरीच्या प्रयोगात गळती धोक्याची असते, कारण ढिसाळपणाने सगळे गट आपोआप सारखे दिसू लागतात. म्हणून त्यांनी हिशेब दोनदा मांडला, एकदा सगळे धरून आणि एकदा ठरल्याप्रमाणे औषध घेतलेल्यांचा. उत्तर दोन्हीकडे तेच आलं. तरीही एक जागा रिकामी राहते. या चार गटांत निव्वळ नकली गोळीचा गट नाही. त्यांच्याच आधीच्या एका छोट्या अभ्यासात तो होता, इथे नाही. आणि अमेरिकेतल्या २००६ च्या १,५८३ रुग्णांच्या अभ्यासात नकली गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे ६० टक्क्यांना बरं वाटलं होतं, ग्लुकोसामीन तिच्यापेक्षा एकंदरीत सरस ठरलं नव्हतं. मग ग्लुकोसामीनशी बरोबरी म्हणजे नेमकी कोणाशी बरोबरी? निबंधावर माझं मन जडलेलं असूनही हा प्रश्न मला बाजूला सारता येत नाही.

चिनी वैद्यकाला याच अडचणीतून जावं लागलं आहे. जर्मनीत २००६ साली गुडघेदुखीच्या सुमारे हजार रुग्णांवर अॅक्युपंक्चरची परीक्षा झाली. परंपरेतल्या बिंदूंवर सुया टोचल्या तेव्हा ५३ टक्के रुग्णांना फायदा झाला, भलत्याच जागी वरवर टोचल्या तेव्हा ५१ टक्क्यांना, नेहमीच्या उपचारांनी २९ टक्क्यांना. चिनी वैद्य म्हणेल सुया लागू पडल्या. टीकाकार म्हणेल बिंदूंना अर्थ नाही. आकडे दोघांनाही नाकारत नाहीत. माझ्या मते त्यात रुग्णाच्या अंगाला लागलेला हात आणि त्याला दिलेला वेळ यांचाही वाटा असणार. आमच्या ओसरीत एकमेकांचे पाय चोळणाऱ्यांना तो नवा नाही.

दुसरी अडचण याहून खोल. वैद्य गुडघ्याला औषध देत नाही, माणसाला देतो. वाताच्या प्रकृतीला एक, कफाच्या प्रकृतीला दुसरं. चिनी वैद्यही एकाच आजारात लक्षणांचा मेळ पाहून काढा बदलतो. म्हणूनच २०१७ साली चिनी काढ्यांच्या चाचण्यांसाठी अहवाल-लेखनाचे जे नियम आले, त्यांत त्या लक्षणमेळाची दखल घेतली आहे. पुण्याच्या अभ्यासात एका गटातल्या सगळ्यांना एकच औषध मिळालं. कोईमतूरला मात्र २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आमवाताच्या ४३ रुग्णांसाठी ज्याच्या त्याच्या प्रकृतीनुसार औषध ठरवलं, आणि तरीही कोणाच्या पुडीत खरं आणि कोणाच्या पुडीत नकली हे झाकून ठेवलं. रुग्ण थोडेच होते, पण वैद्याचा हात न बांधताही पारख करता येते हे त्यांनी दाखवलं.

आता पुण्याच्या निबंधाचा शेवट. शीर्षकात आयुर्वेदिक औषध हा चांगला पर्याय असल्याचं ठामपणे म्हटलं आहे. पण सारांश संपतो तो सुरक्षिततेचा आणखी अभ्यास हवा, असं सांगून. २६ रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी हे यकृताचं विकर वाढलेलं आढळलं. त्रास कोणालाच जाणवत नव्हता, यकृताच्या इतर चाचण्या ठीक होत्या. तरी आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात जणांना अभ्यासातून काढलं, आणि औषध थांबवल्यावर एसजीपीटी पूर्ववत झालं. आपल्याच शीर्षकाला अडवणारी ओळ लिहायला धैर्य लागतं, आणि ती त्यांनी आत कुठे तक्त्यात दडवली नाही, सारांशातच ठेवली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली. तो वाद चालू असताना मी पुण्याचा हा निबंध पुन्हा काढला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

त्या आजी पुढच्या आषाढीला आल्या तर आता मला काही सांगता येईल. गुळवेल-सुंठीच्या त्या औषधाने सहा महिन्यांत गोळीइतकाच उतार पडला. पण ते औषध म्हणजे मोजूनमापून केलेला अर्क होता, कुंपणावरची कांडी नव्हे. त्यातलं किती औषधाचं आणि किती आशेचं, हे त्या परीक्षेतून कळत नाही. लेप खुशाल लावा. आणि पोटात रोज घेणार असाल, आजी, तर डॉक्टरांना सांगून घ्या आणि मध्ये एकदा रक्त तपासून घ्या.