अस्सल कशाला म्हणायचं? : पीडीपी-११ आणि तिला जगवणारी माणसं

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्ही सी शिकलो ते निळ्या स्क्रीनवर. टर्बो सी हे सॉफ्टवेअर आमच्या जन्माआधीचं. लॅबमधले कॉम्प्युटर मात्र ६४-बिट विंडोजचे, त्यांच्यावर ते थेट चालायचंच नाही. मग लॅब असिस्टंटनी सगळीकडे डॉसबॉक्स टाकून ठेवला होता. डबलक्लिक केलं की एक छोटी काळी खिडकी उघडायची, त्यात काहीतरी आपोआप टाइप व्हायचं आणि निळा स्क्रीन यायचा. प्रोग्रॅमच्या शेवटी 'गेटच' लिहायचं. का, ते विचारायचं नाही. जर्नलमध्ये तसंच, व्हायव्हात तसंच.

डॉसबॉक्स हा इम्युलेटर आहे हे मला नोकरी लागल्यावर कळलं. इम्युलेटर म्हणजे एका कॉम्प्युटरवर दुसऱ्या कॉम्प्युटरचं सोंग वठवणारा प्रोग्रॅम. सोंग इतकं चोख, की जुन्या सॉफ्टवेअरला आपण परक्या घरात आहोत याचा पत्ताच लागत नाही. आम्ही ते रोज वापरत होतो, पण आवडीने नाही. सिलॅबस बदलला नव्हता म्हणून.

आवडीने हेच करणारी माणसं मला नंतर भेटली. ती साठ आणि सत्तरच्या दशकांतले मिनीकॉम्प्युटर इम्युलेटरवर चालवतात, त्यांच्या टेप वाचतात, मॅन्युअल स्कॅन करतात आणि एकमेकांशी बारीकसारीक गोष्टींवरून भांडतात. त्यांच्या कामाकडे सहसा 'नॉस्टॅल्जिया' म्हणून कौतुकाने बघून सोडून दिलं जातं. मला वाटतं, या कामाची समीक्षा व्हायला हवी. पुस्तकाची किंवा नाटकाची होते तशी. इथे दोन कलाकृती घेतो: सिमएच हा इम्युलेटर आणि पायडीपी-११ हे किट.

आधी मूळ यंत्राबद्दल. मेनफ्रेम खोलीभर असायचा आणि त्याला हात लावायची परवानगी मोजक्यांना. मिनीकॉम्प्युटर कपाटाएवढा. तो विद्यापीठातला एखादा विभाग किंवा एखादी प्रयोगशाळा स्वतःच्या पैशाने घेऊ शकायची. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने, म्हणजे 'डेक'ने, १९६५मध्ये पीडीपी-८ आणली आणि १९७०मध्ये पीडीपी-११. पीडीपी-११ची सगळी मॉडेलं मिळून सुमारे सहा लाख यंत्रं विकली गेल्याचं सांगतात. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं युनिक्स पीडीपी-७वर जन्मलं, पण वाढलं पीडीपी-११वर. सी भाषाही तिथलीच. तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर त्याच्या पोटात लिनक्स आहे आणि लिनक्सची सगळी चालरीत युनिक्सची आहे. म्हणजे हे आपल्याच घराण्यातलं जुनं माणूस आहे.

सिमएच लिहायला घेतला बॉब सप्निक यांनी, १९९३मध्ये. ते स्वतः डेकमध्येच होते. पुढे अनेकांचे हात लागले आणि आज त्यात डझनावारी जुनी यंत्रं आहेत. माझ्या लॅपटॉपवर मी त्यातली पीडीपी-११ चालू करून तिच्यावर १९७५ची युनिक्सची सहावी आवृत्ती टाकली. पहिला अर्धा तास नुसती चिडचिड झाली. 'सीडी' ही कमांडच नाही, 'सीएचडीआयआर' असं पूर्ण लिहावं लागतं. 'ईडी' नावाचा एडिटर काहीही चुकलं की फक्त एक प्रश्नचिन्ह दाखवतो, कारण सांगत नाही. बॅकस्पेस दाबून अक्षर जात नाही. अक्षर खोडायला हॅश, आणि सबंध ओळ रद्द करायला ॲट. म्हणजे मी माझा ईमेल पत्ता टाइप केला तर ॲट आल्याबरोबर आधीची ओळ गायब!

चिडचिड ओसरल्यावर डोक्यात प्रकाश पडला. या यंत्राला स्क्रीन नव्हता, टेलेटाइप होता. अक्षर कागदावर उमटत होतं आणि कागदावर उमटलेलं मागे जाऊन पुसता येत नाही. मग 'मागचं अक्षर धरू नका' अशी खूण करणारं एक अक्षर लागतं. प्रश्नचिन्हाचंही तेच. सेकंदाला दहा अक्षरं छापणाऱ्या यंत्रावर लांबलचक एरर मेसेज कोण वाचत बसणार? जी गोष्ट मला तुसडेपणा वाटली होती ती काटकसर होती. हे मी आधी कुठेतरी वाचलंही असेन, पण बोटांना अडखळल्यावर ते समजलं.

सिमएचची पहिली थोरवी ही आहे: तो गैरसोय जपतो. तो यंत्राचं चित्र काढत नाही. प्रत्येक सूचना मूळ यंत्र जशी पाळेल तशी पाळतो. त्याची खातरजमा करायला डेकनेच आपल्या खऱ्या यंत्रांच्या तपासणीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्याच्यावर चालवले जातात. त्याची मर्यादाही तिथेच आहे. वायर, पंखे, ऊब, डिस्क फिरण्याचा आवाज हे काही त्यात नाही. वेळही मूळची नाही, कारण माझा लॅपटॉप मूळ यंत्राच्या कित्येक पट वेगाने धावतो. भाषांतरात अर्थ आला पण लय सुटली, असं आपण म्हणतो ना, तसं.

ती सुटलेली बाजू पकडू पाहतं ते पायडीपी-११. ऑस्कर व्हर्म्युलन यांनी बनवलेलं हे किट म्हणजे पीडीपी-११/७०च्या दर्शनी पॅनलची ६:१० प्रमाणातली प्रतिकृती. मागे रास्पबेरी पाय आणि त्यावर सिमएच. एका मित्राने ते मागवलं, आम्ही दोघांनी दोन वीकएंड घालवून सोल्डर केलं. समोर ओळीने गुलाबी-जांभळे स्विच, वर लाल दिवे. स्विच रजिस्टरचे बावीस स्विच, कारण ११/७०चा पत्ता बावीस बिटांचा. एकेक स्विच वरखाली करून आकडा भरायचा, 'डिपॉझिट' दाबायचं, पुढचा आकडा. बायनरीचे तीन-तीन बिट एकत्र धरून ऑक्टलमध्ये का मोजायचे, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. ते बोटांना कळलं त्या दिवशी.

तरीही या किटवर माझा आक्षेप आहे. ते फार देखणं आहे आणि फार सोपंही. स्विचवर एक ठरलेला आकडा लावा, हवी ती ऑपरेटिंग सिस्टिम आपोआप सुरू होते. मग लोक ते शेल्फवर ठेवतात. दिवे लुकलुकतात, पाहुणे 'वा!' म्हणतात. मूळ यंत्रावर ते दिवे शोभेचे नव्हते. प्रोग्रॅम अडकला तर कुठे अडकला, ते त्यांच्यावरून वाचायचे. किटवरचे दिवेही खोटे नाहीत, आतल्या इम्युलेटरची खरी स्थितीच ते दाखवतात. पण वाचणारा नसेल तर खरा दिवाही दिवाळीच्या माळेसारखाच. यंत्र जिवंत आहे की सजावट झालंय, हे यंत्रावर नाही तर समोर बसलेल्यावर ठरतं.

हे नवं नाही. डेकच्या वापरकर्त्यांची संघटना, डेकस, १९६१मध्ये सुरू झाली. म्हणजे पीडीपी-११च्या नऊ वर्षं आधी. सभासद आपले प्रोग्रॅम संघटनेच्या लायब्ररीत जमा करायचे आणि इतरांचे मागवून घ्यायचे. म्हणजे हा मेलेल्या यंत्राच्या स्मृतीसाठी काढलेला ट्रस्ट नव्हता. ती यंत्राबरोबरच जन्मलेली देवघेव होती. आजचे हौशी तीच पुढे चालवतात.

या देवघेवीचं सगळ्यात सुंदर फळ म्हणजे पहिल्या युनिक्सचं पुनरुज्जीवन. त्या काळच्या कर्नलची चालणारी प्रत उरली नव्हती. हाती लागली ती १९७२ची कागदावरची छापील यादी. वॉरन टूमी आणि युनिक्स हेरिटेज सोसायटीतल्या इतरांनी २००८मध्ये तिची स्कॅन केलेली पानं घेतली, अक्षरं ओळखून मजकूर पुन्हा उभा केला, ओळीन्‌ओळ तपासली, आणि ते कर्नल सिमएचवर चालवून दाखवलं. सोबतचे बरेचसे प्रोग्रॅम दुसऱ्या एका जुन्या टेपवरून आले. जुन्या पोथ्यांची संहिता ठरवणारे अभ्यासक करतात तेच हे काम. फरक एवढाच, की इथे पाठ चुकला तर यंत्र सुरूच होत नाही. फार कडक परीक्षक!

संहिता म्हटली की वाद आलाच. २०२२मध्ये सिमएचमध्ये फूट पडली. कारण वरवर किरकोळ होतं. जुन्या डिस्कची प्रत एका फाइलमध्ये असते. नव्या सिमएचमध्ये ती फाइल जोडली की इम्युलेटर तिच्या शेवटी थोडी माहिती लिहून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी डिस्कचा प्रकार आणि आकार आपोआप ओळखता येईल. सोय खरी होती, कारण चुकीचा प्रकार निवडून नवखे हैराण व्हायचे. पण बाकीचे म्हणाले, ही फाइल म्हणजे पुरावा आहे, न विचारता तिच्यात एक बाइटही लिहायचा नाही. प्रकरण इतकं ताणलं की ही सोय लिहिणाऱ्याने ती कोणी बदलू नये म्हणून आपल्या कोडच्या परवान्यात अट घातली. मग सप्निक आणि इतरांनी 'ओपन सिमएच' नावाने वेगळी चूल मांडली, परवाना पुन्हा मोकळा ठेवून.

बाहेरच्याला हे भांडण हास्यास्पद वाटेल. मला ते या सगळ्या चळवळीच्या प्रकृतीचं लक्षण वाटतं. ग्रंथालयाने हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर शिक्का मारला तर मजकूर बदलत नाही, पण उद्याच्या अभ्यासकाला शिक्का कुठला आणि मूळ कुठलं हे वेगळं करावं लागतं. मी दुसऱ्या बाजूचा आहे. सोय जरूर द्या, पण ती माहिती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. आणि परवान्यातली ती अट तर सोयीपेक्षा वाईट. सगळ्यांनी मिळून जपलेल्या गोष्टीला एकाने कुलूप लावायचं, हे जतनाच्या मुळावरच येतं.

कुलपाची किंमत बघायची तर व्हॅक्सकडे बघा. पीडीपी-११नंतरचं हे १९७७चं यंत्र. सिमएचमध्ये ते उत्तम चालतं. पण त्याची व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवायला परवान्याची किल्ली लागते. डेक कॉम्पॅकने घेतली, कॉम्पॅक एचपीने. तरी हौशींना फुकट, ठरावीक मुदतीची किल्ली मिळत राहिली. २०२०मध्ये ही योजना बंद होत असल्याचं जाहीर झालं आणि २०२१ संपताना शेवटच्या किल्ल्यांची मुदत संपली. यंत्र आहे, डिस्क आहे, वापरणारा आहे, आणि कायद्याने दार बंद. उलट बाजूला युनिक्स बघा. जॉन लायन्स यांनी ऑस्ट्रेलियात सहाव्या आवृत्तीच्या कोडवर १९७७मध्ये टीका लिहिली. तिच्या प्रसारावर बंधनं आली, तर मुलांनी झेरॉक्सच्या झेरॉक्स काढल्या. अधिकृत पुस्तक निघायला १९९६ उजाडलं. २००२मध्ये कॅल्डेराने जुनं युनिक्स मोकळ्या परवान्याखाली सोडलं, म्हणून मी आज ते बिनधास्त चालवू शकतो.

आता माझी खरी तक्रार. या हौशींनी नकळत एक 'अभिजात यादी' बनवली आहे. डेकने मॅन्युअल भरपूर छापली, स्वस्तात वाटली, यंत्रं लाखोंनी विकली, म्हणून डेक टिकली. सिमएचमध्ये रशियन बेस्म-६सुद्धा आहे. पण ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर, म्हणजे टीडीसी, त्यात नाही. ट्रॉम्ब्याच्या अणुसंशोधन केंद्रातल्या कामातून आलेली ही यंत्रं हैदराबादच्या ईसीआयएलने बनवली: टीडीसी-१२, टीडीसी-३१२, सोळा बिटांची टीडीसी-३१६. मुंबईच्या कडेला जन्मलेले मिनीकॉम्प्युटर. चार वर्षं कॉम्प्युटर शिकूनही त्यांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. टर्बो सी मात्र पाठ.

याचा दोष सिमएचवाल्यांना देता येणार नाही. ते कागदावरून यंत्र उभं करतात. सूचनांचा संच, डिव्हाइसचे पत्ते, एखादी टेप, हे कोणीतरी आणून द्यावं लागतं. पहिलं युनिक्स परत आलं ते कोणीतरी एक छापील यादी फेकली नाही म्हणून.

तेव्हा या दोन्ही कलाकृतींबद्दल माझं मत असं. पायडीपी-११ घ्यायचं तर जरूर घ्या, पण निदान एकदा तरी स्विचनेच प्रोग्रॅम भरा. सिमएच फुकट आहे. एक रविवार सहाव्या आवृत्तीला द्या आणि ईमेल पत्ता टाइप करून बघा. आणि तुमच्या घरात, शेजारात कोणी त्या काळी ट्रॉम्ब्याला, ईसीआयएलमध्ये किंवा एखाद्या कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला असेल, तर माळ्यावरचे खोके रद्दीवाला यायच्या आधी उघडा. त्यात पिवळं पडलेलं मॅन्युअल निघालं तर फोनने का होईना, एकेक पान नीट स्कॅन करा. टीडीसी-३१६ पुन्हा चालू करायची तर सुरुवात त्या खोक्यापासूनच होणार आहे.