फुग्याची उपमा कुठवर पुरते?

जेट इंजिन शिकवताना फुगवलेला फुगा सोडून दाखवण्याचा प्रघात आहे. हवा मागे, फुगा पुढे. न्यूटनचा तिसरा नियम लगेच पटतो. पण उपमा तिथेच सोडली नाही, तर ती दिशाभूल करते.

पहिली त्रुटी : फुगा साठवलेली हवा सोडतो, इंजिन समोरची हवा आत घेते. म्हणून रेटा वेगांतील फरकावर ठरतो. सेकंदाला १०० किलो हवा २५० मीटर प्रतिसेकंद वेगाने शिरून ४५० ने बाहेर पडली, तर (इंधनाचे अल्प वस्तुमान सोडून) रेटा २०,००० न्यूटन. फुग्याच्या हिशेबाने ४५,००० येईल!

दुसरी : फुग्याचे तोंड म्हणजे नुसते भोक. टर्बाइनमागचे निमुळते नोझल वायूच्या उरलेल्या दाबाचे वेगात रूपांतर करते.

तिसरी : मुलांना वाटते, तप्त झोतच सारे काम करतो. आजच्या प्रवासी जेट विमानांत बहुतेक रेटा पंख्याने गाभ्याबाहेरून मागे लोटलेल्या थंड हवेचा असतो. वरच्या उदाहरणात ४०० किलो हवेचा वेग फक्त ५० ने वाढवला, तरी रेटा तेवढाच. मात्र दर सेकंदाला लागणारी गतिज ऊर्जा ७० लाखांऐवजी ५५ लाख ज्यूल. इंधन वाचते ते इथे.

चिकलठाणा विमानतळावर जेट विमान उतरताच आवाज वाढतो, तेव्हा 'इंजिन उलटे फिरते' असे सांगितले जाते. फिरण्याची दिशा बदलत नाही; आवरणाचे भाग सरकतात किंवा उघडतात आणि पंख्याची हवा तिरकी पुढे वळते.

फुग्याने सुरुवात जरूर करावी. तो कुठे फसतो, हे मात्र विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.