वात झालाय की डोळा लागलाय? भुलीवरचे पेपर वाचताना राहून जाणारा प्रश्न

समजा, डिसेंबर महिना आहे. केज तालुक्यातल्या एका खेड्यात सत्तरी ओलांडलेल्या आजी ओट्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा-सून ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलेले. चुलत पुतण्या त्यांना अंबाजोगाईला घेऊन येतो. शस्त्रक्रिया होते. दुसऱ्या रात्री आजी सलाईन ओढायला लागतात, वारलेल्या नवऱ्याला हाका मारतात. पुतण्या म्हणतो, "म्हातारीला वात झालाय. भूल डोक्यात गेली."

या एका वाक्यात दोन विधानं आहेत. पहिलं निदान: वात, म्हणजे आपल्या पुस्तकातला डेलिरियम. दुसरं कारण: भूल. गेल्या दहा-बारा वर्षांतलं बरंच संशोधन दुसऱ्या विधानामागं लागलंय. माझं म्हणणं असं की आपल्याकडं काम करायचं असेल तर आधी पहिलं विधान तपासावं लागेल. कसं ते बघू.

पुतण्याचा तर्क काही वेडगळ नाही. पूर्ण भूल म्हणजे औषधानं जाणीव बंद करणं. म्हाताऱ्या मेंदूची जाणीव अशी बंद करून पुन्हा चालू केली तर ती नीट जुळणार नाही, असं कुणालाही वाटेल. मग सोपा उपाय: मणक्यात इंजेक्शन द्या, कंबरेखालचं बधिर करा, माणूस जागा ठेवा. डेलिरियम कमी व्हायला हवा.

हे दोन मोठ्या चाचण्यांत तपासलं गेलं. 2021 साली आलेली 'रीगेन', अमेरिका-कॅनडातले 1600 खुब्याचे रुग्ण. मणक्यातल्या भुलीच्या गटात डेलिरियम 20.5 टक्के, पूर्ण भुलीच्या गटात 19.7 टक्के. फरक जवळजवळ शून्य. आता तुम्ही हुशार वाचक असाल तर लगेच शंका काढाल: मणक्यातली भूल दिलेल्यांनाही वरून गुंगीचं औषध दिलं असेल तर तुलना कसली? शंका बरोबर आहे, तिथं अनेकांना ते दिलं होतं. म्हणून 2022 ची चीनमधली 'रागा' चाचणी महत्त्वाची. 950 रुग्ण, वय 65 च्या पुढं, आणि मणक्याच्या गटाला गुंगीचं औषधच नाही. निकाल? जाग्या गटात 6.2 टक्के, पूर्ण भुलीच्या गटात 5.1. पुन्हा फरक नाही.

म्हणजे जाणीव बंद करणं हा एकटा गुन्हेगार नाही. मोडलेलं हाड, दुखणं, शरीरातला दाह, मोडलेली झोप, आधीपासून हळूहळू विसरणारा मेंदू, यांचा वाटा मोठा असावा.

मग भुलीची खोली? कपाळावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी बघत भूल हलकी ठेवायची, हा दुसरा मार्ग. 2019 ची 'एंगेजेस' चाचणी, अमेरिकेतल्या सेंट लुईसमधले 1232 रुग्ण. लहरी बघितलेल्या गटात डेलिरियम 26 टक्के, नेहमीच्या गटात 23. काही जणांनी लगेच जाहीर केलं, लहरींचा उपयोग नाही. थांबा. मेंदूच्या लहरी मधूनमधून सपाट होतात, म्हणजे भूल फार खोल गेली. हा काळ कमी करणं हाच तर उद्देश होता. तो एका गटात मध्यमान 7 मिनिटं होता, दुसऱ्यात 13. फक्त सहा मिनिटांचा फरक! औषध पुरेसं वेगळं दिलंच गेलं नसेल तर परिणाम वेगळा कुठून येणार? उलट 'बॅलन्स्ड' या मोठ्या चाचणीतल्या 515 जणांच्या उपगटात, जिथं दोन्ही गटांतली खोली ठरवून लांब ठेवली होती, तिथं हलक्या भुलीत 19 टक्के आणि खोल भुलीत 28 टक्के डेलिरियम दिसला. एवढ्यावरून वाद मिटला असं म्हणू नका. पण "फरक सापडला नाही" आणि "फरक नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एवढं वहीत लिहून ठेवा.

आता मूळ मुद्दा. रीगेन आणि रागाचे आकडे पुन्हा शेजारी ठेवा. एकच हाड, साधारण एकच वय. एकीकडं 20 टक्के, दुसरीकडं 5-6 टक्के. भुलीच्या दोन गटांमधला फरक एका टक्क्याच्या आसपास, आणि दोन चाचण्यांमधला फरक जवळजवळ चौपट. लोक वेगळे, निवड वेगळी, दवाखाने वेगळे, हे खरं. पण मोजपट्टी? दोन्हीकडं 1990 साली शेरॉन इनूय यांनी मांडलेल्या पद्धतीच्याच घराण्यातल्या चाचण्या. चार गोष्टी बघायच्या: अचानक झालेला, कमी-जास्त होणारा बदल, लक्ष न टिकणं, विचारांची सरमिसळ, आणि जाणिवेची पातळी बिघडणं. पहिल्या दोन हव्यातच, शिवाय उरलेल्यांपैकी एक.

ही पट्टी आपल्या आजींना लावून बघा. "अचानक झालेला बदल" कुणाला विचारणार? आजी आधी कशा होत्या हे सुनेला माहीत, आणि सून उसाच्या फडात. पुतण्याला त्या सणावारी दिसतात. "बाराही महिने उलटे सांगा" हा लक्षाचा प्रश्न. आजींचे महिने चैत्र-वैशाखाचे. जानेवारी-फेब्रुवारी त्या सरळसुद्धा म्हणत नाहीत, उलटे कुठले? "हे कोणतं साल?" आजींचा काळ बाहत्तरच्या दुष्काळापासून मोजला जातो. उत्तर चुकलं तर दोष मेंदूचा की प्रश्नाचा?

आता उलट बाजू. रात्री सलाईन ओढणारी आजी सगळ्यांना दिसते. पण डेलिरियमचा एक प्रकार मुका असतो: माणूस गप पडून राहतो, हाकेला उशिरा ओ देतो, जेवत नाही. नातेवाईक म्हणतात, "शांत हायेत, डोळा लागलाय." वॉर्डात कुणाची तक्रार नाही, मग नोंदही नाही. आपल्या बोलीतला 'वात' बडबडीला चिकटलेला आहे. मुक्या डेलिरियमला आपल्याकडं शब्दच नाही, आणि ज्याला शब्द नाही ते नातेवाईक सांगणार तरी कसं?

म्हणजे एकाच पट्टीनं काही धडधाकट माणसं आजारी ठरतात आणि काही आजारी निसटतात. दोन्ही गटांत अशी गफलत सारखीच झाली तर गटांमधला खरा फरकही पुसट होऊन शून्याकडं सरकतो. मग तुम्ही लिहिणार, "फरक आढळला नाही." तो भुलीचा निष्कर्ष नसेल, तुमच्या प्रश्नावलीचा असेल.

यावर उपाय नाही असं नाही. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये निरक्षर वृद्धांसाठी हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झालं, 1995 साली ते प्रसिद्ध झालं. मूळ इंग्रजी चाचणीत कागदावरचं "डोळे मिटा" वाचून तसं करायचं असतं. तिथं त्याऐवजी, माझ्याकडं बघा आणि मी करतो तसं करा, असं केलं. शब्दांचं भाषांतर करण्यापेक्षा प्रश्न नेमकं काय मोजतो ते ओळखून तेच दुसऱ्या वाटेनं मोजलं. हे संशोधनच आहे, पूर्वतयारी नव्हे.

तुमच्यापैकी कुणी उद्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा तशा ठिकाणी एमडीचा थीसिस करणार असाल तर "अमुक भूल विरुद्ध तमुक भूल" हा विषय घाईनं घेऊ नका. आधी छोटं काम करा. शस्त्रक्रियेच्या आधीच आजींना तेच प्रश्न विचारून ठेवा, म्हणजे तुलना त्यांची त्यांच्याशीच होईल. उलटे वार विचारा, महिने दोन्ही पद्धतींनी विचारा. माहिती देणारा नातेवाईक रुग्णासोबत राहतो का, हे नोंदवा. गरज पडली तर फडावर फोन लावून सुनेला विचारा. सकाळी एकदा आणि रात्री एकदा तपासा, कारण हा आजार तासातासाला रंग बदलतो. आणि गप पडलेल्या माणसाला मुद्दाम हाक मारा.

यातून कदाचित एवढंच निघेल की जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी कोणते चार प्रश्न चालतात आणि कोणते चालत नाहीत. गाईड म्हणतील, विषय लहान आहे. त्यांना रीगेन आणि रागाचे आकडे शेजारी ठेवून दाखवा.

पुतण्या कारणाबाबत बहुधा चुकलाय. निदानाबाबत मात्र तो बरोबर होता, कारण त्या रात्री तो आजींच्या उशाशी बसलेला होता.