'इन द लँड ऑफ द फ्री' : चिनी स्थलांतरित कुटुंब आणि मातृत्वाची शोकांतिका

प्रस्तावना :
इंग्रज पिता व चिनी माता यांच्या पोटी जन्मलेल्या एडिथ मॉड ईटन (१८६५-१९१४) यांनी 'सुई सिन फार' या टोपणनावाने अमेरिकेतील चिनी समाजाविषयी कथालेखन केले. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेली 'इन द लँड ऑफ द फ्री' ही कथा पुढे 'मिसेस स्प्रिंग फ्रॅग्रन्स' (१९१२) या संग्रहात समाविष्ट झाली. सॅन फ्रान्सिस्कोतील एका चिनी कुटुंबाच्या या कथेतील मातृत्वाच्या चित्रणाचा येथे विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
१८७५ च्या पेज कायद्यामुळे अमेरिकेत येणारी प्रत्येक चिनी स्त्री संशयास्पद ठरली. १८८२ च्या बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांचा प्रवेश रोखला. व्यापाऱ्यांना मात्र सूट होती. १९०० च्या जनगणनेत अमेरिकेतील सुमारे ९० हजार चिनी लोकांत स्त्रिया जेमतेम पाच टक्के होत्या. त्यामुळे कुटुंबजीवन हेच मुळी दुर्मीळ होते. व्यापाऱ्याच्या पत्नीला व अल्पवयीन मुलांना स्वतंत्र प्रमाणपत्राची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९०० मध्येच दिला होता. तरी नाते सिद्ध करण्याचा भार कुटुंबावरच राहिला.

विवेचन :
व्यापारी होम हिंग याची पत्नी ले चू चीनमध्ये जन्मलेल्या तान्ह्या मुलासह बंदरात उतरते. मुलाची कागदपत्रे नसल्याने अधिकारी त्याला ताब्यात घेतात. पती कायद्याचा मान राखतो, उद्या मूल परत मिळेल अशी पत्नीची समजूत घालतो. ती 'उद्या' येण्यास दहा महिने लागतात. वकिलाच्या खर्चासाठी ले चू आपले दागिने, म्हणजे जणू स्त्रीधनच, काढून देते. संपूर्ण कथेत तिच्या हाती असलेले हे एकमेव सामर्थ्य होय.

अखेरीस मिशनमध्ये वाढलेला मुलगा आईला ओळखत नाही. तो गोऱ्या स्त्रीच्या आड लपतो आणि आईला दूर जाण्यास सांगतो. येथे कोणीही क्रूर खलपुरुष नाही. मिशनमधील स्त्रिया मुलाचा प्रेमाने सांभाळ करतात, त्याला नवे नावही देतात. कायद्याने सुरू केलेला वियोग या दयेनेच पूर्ण होतो, हे कथेचे मर्मभेदी निरीक्षण आहे. शीर्षकातील उपरोध त्यामुळे अधिक धारदार होतो.

मर्यादा :
कथेत भावविवशता आहे, ले चूची भाषा काहीशी बालिश वाटते. शिवाय ही व्यथा संपन्न व्यापारी घरातील आहे. वेश्याव्यवसायासाठी विकल्या गेलेल्या अथवा शिवणकामावर गुजराण करणाऱ्या स्त्रिया येथे दिसत नाहीत.

निष्कर्ष :
चिनी स्त्रीचे दुःख तिच्या परंपरेतच शोधणाऱ्या तत्कालीन दृष्टीला ही कथा छेद देते. ले चूचे मूल तिच्यापासून तोडतात ते अमेरिकेतील कायदा आणि परोपकार. बहिष्कार कायदा १९४३ मध्ये रद्द झाला. परंतु परत मिळूनही परके झालेले मूल कोणत्याही निरसनाने आईचे होत नाही, ही जाणीव या कथेचे वाङ्मयीन मोल ठरवते.