कोसंबींचे मांसाहार-प्रकरण : वाद नेमका कशाचा?

धर्मानंद कोसंबी यांच्या ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) या ग्रंथातले मांसाहारावरील प्रकरण आमच्या माधवनगर-सांगली भागात जेवढ्या आवेशाने पुढे केले जाते, तेवढ्या निगुतीने वाचले जाते असे मला वाटत नाही. इथे जैन आणि बौद्ध शेजारी शेजारी राहतात. एक बाजू चुंदाच्या घरचे जेवण काढते, दुसरी जैन आगमांकडे बोट दाखवते.

‘सूकरमद्दव’ म्हणजे डुकराचे मांस, हा बुद्धघोषाने दिलेला अर्थ कोसंबींनी स्वीकारला. मऊ भात, रसायन, बांबूचे कोंब, अळंबी असे सोयीचे पर्याय अट्ठकथांत हजर होते. ते त्यांनी उचलले नाहीत, ही त्यांची सचोटी. भगवतीसूत्रातील रेवतीच्या अन्नालाही त्यांनी तोच न्याय लावला. तिथले ‘कवोय’, ‘कुक्कुड’ हे शब्द वनस्पतिवाचक आहेत, असे जैन परंपरा म्हणते. मात्र या शब्दांच्या झटापटीत मूळ प्रश्न मागे पडतो, हा माझा आक्षेप आहे.

मूळ प्रश्न विनयाच्या महावग्गात आहे. वैशालीचा सिंह सेनापती आधी निर्ग्रंथांचा उपासक होता. त्याने बुद्धाला जेवायला बोलावले आणि तयार असलेले मांस आणायला माणूस पाठवला. निर्ग्रंथ मात्र शहरभर ओरडत सुटले, की सिंहाने श्रमण गोतमासाठी मोठे जनावर मारले, आणि गोतम हे जाणून खातो. आरोप ताटातल्या मांसापेक्षा ‘कोणासाठी मारले’ याचा आहे. बुद्धाचे उत्तरही त्याच पट्टीत येते : आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले वा तशी शंका आली, तर ते मांस वर्ज्य. दोन्ही पक्ष जबाबदारी मोजत होते, सोवळे नव्हे.

आज घर भाड्याने देताना मात्र वासाचे कारण सांगितले जाते. गंमत अशी, की सुत्तनिपातात ‘आमगंध’ नावाचे एक सुत्तच आहे आणि त्यात दुर्गंधी मांसाची नसून हिंसा, चोरी, खोटेपणा यांची म्हटली आहे. हा सुत्तनिपात कोसंबींनीच मराठीत आणला. खाण्यावरून माणसाची पायरी कशी ठरली, याचा शोध बाबासाहेबांनी १९४८च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात गोमांसाच्या अंगाने घेतला. कोसंबींच्या प्रकरणाशेजारी तो ठेवून वाचायला हवा.

बौद्ध बाजूलाही एक गाठ सुटलेली नाही. अंगुत्तरनिकायात उपासकाला निषिद्ध ठरलेल्या पाच व्यापारांत मांसविक्री आहे. म्हणजे तयार मांस आणणारा सिंह निर्दोष आणि ते विकणारा दोषी? त्रिकोटिपरिशुद्धी हा भिक्षेवर जगणाऱ्याचा नियम आहे; रविवारी दुकानापुढे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थाला त्याचा आडोसा घेता येईल, असे मला तरी वाटत नाही.

कोसंबींना जैनद्वेष्टे म्हणणाऱ्यांनी त्यांचे ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ उघडून पाहावे. जून १९४७मध्ये सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडून देह ठेवला, तोही पार्श्वनाथाच्या वाटेविषयी आदर बाळगून.